डावी बाजू तुमची

आमच्या मंडळात मला कानसेन म्हणतात. म्हणत, असं म्हणायला हवं. ज्याला गाता येत नाही आणि वाजवताही येत नाही, त्याला संगीतात एवढी एकच पदवी मिळू शकते, आणि ती मी वीस वर्षं डोक्यावर घेऊन मिरवली.

नोकरी टेलिफोन खात्यातली. काम लाइन तपासण्याचं. डाव्या हातानं डाव्या कानाला रिसीव्हर धरायचा आणि उजव्या हातानं नोंद करायची: खरखर, शिट्टी, मध्येच तिसऱ्याचं बोलणं. अशी तीस वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझ्या दोन्ही कानांचं भाषणात कौतुक केलं. त्यातला एक तेव्हाच दुकान आवरायला लागला होता हे त्यांना कुठून कळणार? मलाही ते नंतर कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं त्याचीच ही गोष्ट आहे. ऐकून कोणी मला शहाणा म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

मंडळ दर रविवारी सकाळी अकराला घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत जमतं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळं, समोर दोन मोठे स्पीकर, मध्ये रेकॉर्ड प्लेयर आणि लोखंडी खुर्च्यांच्या तीन रांगा. रेकॉर्ड लावण्याआधी घड्याळजी एकेक लंबक दोन बोटांत धरून थांबवतात. टिकटिक गाण्यात मिसळलेली त्यांना खपत नाही. बैठक संपली की काटे पुढे करून सगळी घड्याळं पुन्हा चालू करतात. गिऱ्हाइकांची घड्याळं दर रविवारी दोन तास बंद असतात हे आमच्यातलं गुपित आहे.

आमचं दैवत एकच. एक त्रिकूट. तिघंही आता हयात नाहीत, पण त्यांच्या अकरा रेकॉर्ड आहेत, आणि अकरा रेकॉर्डवर माणसं जन्मभर भांडू शकतात. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंकडे प्रत्येक गाण्याच्या टेकची वही आहे: कुठल्या दिवशी, कितव्या प्रयत्नाला, कोण शिंकलं. दातांचे डॉक्टर आहेत, ते कितीही टोकाचं मत ‘थोडंसं दुखेल हं’ अशा आवाजात सांगतात. तिसऱ्या रेकॉर्डमध्ये जे करकरतं ती खुर्ची की पियानोचं पेडल, यावरून घड्याळजी आणि डॉक्टर दीड महिना एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी निकाल मीच दिला. खुर्ची. कानसेन बोलले, विषय संपला.

पण माझं वजन नुसतं कानामुळे नव्हतं. ते ताईमुळे होतं.

ताई, माझी मोठी बहीण, एकोणिसाव्या वर्षी ज्या स्टुडिओत हे त्रिकूट गात होतं तिथे ऑफिसात कामाला होती. टेपच्या खोक्यांवर सुवाच्य अक्षरात लेबलं लिहायची. एका दुपारी ‘पुलाचं गाणं’ चालू होतं. ते नाव आम्ही पाडलेलं आहे, गाण्यात पूल आहे म्हणून. शेवटच्या अंतऱ्यात दुसरा आवाज हवा होता आणि ठरलेल्या गायिकेचा घसा बसला होता. कोणीतरी म्हणालं, लेबलं लिहिणारी मुलगी काम करताना गुणगुणते, तिलाच उभी करा. ताईनं नऊ वेळा गायलं. नववा टेक घेतला. मग तिनं घाम पुसला आणि त्याच टेपच्या खोक्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘ट्रॅक चार – दुसरा आवाज’. स्वतःचं नाव लिहायचं तिला सुचलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला तर नाहीच नाही.

तेव्हाची रेकॉर्ड मोनो, म्हणजे सगळे आवाज एकत्र कालवून एकाच स्पीकरला दिलेले. त्यात ताई मुख्य गायकाच्या मागे कुठेतरी आहे, भिंतीपलीकडून बोलणाऱ्या शेजारणीसारखी. माहीत असेल तर सापडते. मंडळात ती सगळ्यांना मीच दाखवून दिली. ताई स्वतः मात्र त्या खोलीत कधी आली नाही. म्हणायची, ‘तुम्ही ऐका. मला ते पाठ आहे.’

बावन्न वर्षांनी रेकॉर्ड कंपनीनं ठरवलं की मूळ टेपवरून सगळी गाणी नव्यानं स्टीरिओत करायची. डावा-उजवा वेगळा, प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा. रेकॉर्ड बाजारात येण्याआधी एक प्रत आमच्या मंडळाला आली, अभिप्रायासाठी. आणि मंडळाची रीत अशी की असं काही आलं की पहिला कान कानसेनांचा. मी घरी नेऊन ऐकायचं, मग रविवारी सगळ्यांनी.

दुपारी खिडकी लावून, हेडफोन घालून बसलो. स्पीकरवर ऐकणाऱ्यांना मी नेहमी हसायचो. खरं ऐकायचं तर हेडफोन. शेवटचा अंतरा आला. ताई नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा लावला. मुख्य गायक स्वच्छ, एकटा, आणि ताईचा कुठे मागमूस नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहिलं. ‘एका बाईला पुसून टाकलं’ असं शीर्षक दिलं. ती बाई माझी बहीण, हे मात्र त्यात लिहिलं नाही. मिक्सिंग करणारी कोण होती तिचं नाव कव्हरवर होतं, ते मी पत्रात सहा वेळा घातलं. ‘जिला दुसरा आवाज ऐकू येत नाही तिनं दुसरा धंदा बघावा,’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्यांदा वाचून पाहिलं. रविवारी मंडळात पत्र वाचलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, ‘आपणही एकदा ऐकूया का?’ मी म्हणालो, ‘ही रेकॉर्ड या खोलीत वाजणार नाही. माझ्या बहिणीचा अपमान मी दोनदा ऐकणार नाही.’ कोणी आग्रह केला नाही. कानसेनांनी ऐकलंय म्हटल्यावर आणखी काय ऐकायचं? रेकॉर्ड घड्याळजींच्या कपाटात गेली आणि पत्र गावोगावच्या चाहत्यांकडे. एकशे चाळीस सह्या आल्या. त्यातल्या एकानंही ते गाणं नव्या रूपात ऐकलेलं नव्हतं.

आता जे लपवलं ते सांगतो.

त्याच्या आठ महिने आधी मी कान तपासून घेतले होते. तपासणाऱ्या बाईनं एक आलेख दिला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. लाल गोल वर एका ओळीत. निळ्या फुल्या जिना उतरल्यासारख्या खाली खाली गेलेल्या. ‘डाव्यानं आता फार काही होणार नाही,’ ती म्हणाली. मी तो कागद घरी आणला आणि बँडच्या कवायती धुनांच्या एका जुन्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये सरकवला, कारण त्या रेकॉर्डला कोणी हात लावत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळात मी डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसायला लागलो, म्हणजे सगळे माझ्या उजवीकडे. बसल्या बसल्या मान जरा डावीकडे वळवायची सवय लावली. ती लोकांना तल्लीन होण्याची खूण वाटायची.

त्या दुपारी ताई सापडेना तेव्हा एकच गोष्ट करायची होती. हेडफोन काढायचे, उलटे करायचे आणि पुन्हा घालायचे. दोन सेकंदांचं काम. टेलिफोन खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात: आवाज आला नाही तर आधी आपला रिसीव्हर तपासा, मग लाइनला नावं ठेवा. ते मी नव्या लोकांना तीस वर्षं शिकवत आलो. आणि खरं सांगतो, माझे हात हेडफोनपर्यंत गेले होते. मग मी ते खाली घेतले आणि पेन उचललं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण काही मला नवी नव्हती.

पत्र गेल्यावर मी ताईकडे जाऊन तेही ऐटीत सांगितलं. ‘तुला काढून टाकलंय. पण मी सोडणार नाही.’ तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘चहा घेतोस?’ मला वाटलं, बिचारीला फार लागलं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, कंपनीचं उत्तर आलं. मंडळाचे आभार. रेकॉर्ड थांबवली आहे. मिक्सिंग करणाऱ्या बाईंना या कामातून मोकळं केलं आहे. दुसऱ्या माणसाकडून दुसरा आवाज ‘मध्यभागी, जुन्या रेकॉर्डप्रमाणे’ बसवून घेतला जाईल. रविवारी मंडळात हे वाचून दाखवायचं आणि पाठ थोपटून घ्यायची, असा माझा बेत होता. त्याआधी ताईला दाखवावं म्हणून पत्र खिशात घालून निघालो.

ताई दुसऱ्या मजल्यावर राहते. पहिल्या मजल्यावरच्या वळणावर मला गाणं ऐकू आलं. पुलाचं गाणं. शेवटचा अंतरा. आणि त्यात एक मुलगी गात होती. भिंतीपलीकडून नाही, अगदी जिन्यात माझ्या शेजारी उभी राहून गावं इतकी स्पष्ट. मी कठडा धरून थांबलो. ताईचा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज मी घरात ऐकला होता, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. रेकॉर्डवर तो असा कधीच ऐकला नव्हता.

दार लोटून आत गेलो. ताईनं घाईघाईनं सुई उचलली, चोरी पकडल्यासारखी.

‘कुठून आली ही?’ मी विचारलं.

‘त्या मुलीनं दिली. मिक्सिंगवालीनं. खोक्यावरचं माझं अक्षर आणि ऑफिसच्या जुन्या हजेरीपुस्तकातलं अक्षर ताडून शोधत आली बिचारी.’

‘कधी?’

‘तू पत्र लिहिलंस त्याच्या दोन आठवडे आधी.’

कव्हर टेबलावर होतं. त्यावर शाईनं लिहिलं होतं: ‘इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या मागे उभ्या होतात. शेवटच्या अंतऱ्यात मी बाकी सगळ्यांना मध्ये आणि उजवीकडे सरकवलंय. डावी बाजू तुमची.’

मी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसलो.

‘तुला माहीत होतं,’ मी म्हणालो. ‘मी इथे येऊन हात नाचवत होतो तेव्हा तुझ्या घरात ही रेकॉर्ड होती.’

‘कपाटात होती. एखाद्या रविवारी तुला बोलावून ऐकवणार होते. त्याआधी तूच आलास.’

‘मग तेव्हाच का नाही बोललीस, की गाढवा, आवाज आहे म्हणून!’

‘आणि तू विचारलं असतंस, मग मला का नाही आला ऐकू? त्याला काय उत्तर देणार होते मी?’ ताई माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर बसली. ‘तू फोन उजव्या कानाला लावायला लागलास त्याला चार वर्षं झाली. मी दरवेळी तुझ्या या बाजूला बसते ती काय वारं येतं म्हणून?’

मी कव्हर उलटं करून ठेवलं.

‘जाऊ दे रे,’ ती म्हणाली. ‘बावन्न वर्षं तरी कोण ओळखत होतं मला? मी ऐकलं, माझं झालं. तुझं मात्र त्या खोलीत नाव आहे.’

म्हणजे तिला पुसणारा मीच होतो, आणि पुसल्यावर ती मलाच चहा विचारत होती. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती कशी तरी बाहेर टाकावी म्हणून मी खिशातलं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं चष्मा लावून वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

‘त्या पोरीला काढलं?’

‘कामावरून मोकळं केलंय.’

‘म्हणजे काढलं!’ पत्र तिनं टेबलावर आपटलं. ‘हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुमचं पत्र तुमच्यासारख्यांनीच वाचायचं, दुसरं कोण वाचतंय. हे बघ, माझं होतं ते मी सोडलं. तिचं सोडायला मी कोण? आता तुझं तू निस्तर.’

‘कसं?’

‘तोंड आहे ना? ते तरी शाबूत आहे.’

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. कवायती धुनांच्या कव्हरमधून तो कागद काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. हेडफोन समोरच होते. घड्याळजींच्या कपाटातली रेकॉर्ड मागून आणून, उलटे घालून ऐकता आलं असतं. धीर झाला नाही. शेवटी रविवारी कागद चौपट घडी करून खिशात घातला आणि मनाशी म्हटलं, जमलं तर बोलू. जमलं तर, असंच म्हटलं होतं मी.

खोलीत गेलो तर ताई शेवटच्या रांगेत बसलेली. मांडीवर पर्स. बाई तिच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसं बघत होत्या. ताई माझ्याशी बोलली नाही. मी माझ्या खुर्चीवर बसलो, पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, आणि त्याच वेळी दुकानाच्या दारातून तिशीतली एक मुलगी आत आली. केस आवळून बांधलेले, हातात एक फाइल.

‘कानसेनकाका कोण?’ तिनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पत्रात सहा वेळा आलेलं स्वतःचं नाव तिनं सांगितलं. घड्याळजी तेवढे उठून तिला खुर्ची द्यायला गेले, पण ती बसली नाही.

‘मी भांडायला नाही आले,’ ती म्हणाली. ‘काका, तुमच्या मंडळाच्या पत्रिकेतले तुमचे लेख वाचून मी या कामात पडले. ती खुर्ची आहे, पेडल नाही, हा तुमचा लेख माझ्याकडे अजून आहे. त्यामुळे तुमचं पत्र वाचल्यावर मी ते गाणं पुन्हा ऐकलं. चाळीस वेळा ऐकलं असेल. मला त्यांचा आवाज ऐकू येतो. तुम्हाला येत नाही. आणि तुमचा कान म्हटल्यावर...’ तिनं फाइल उघडली. ‘मला वाटायला लागलं की मला भास होतोय. मी कामच करू शकेना. मग कान तपासून घेतले.’

तिनं फाइलमधून एक कागद काढून रेकॉर्ड प्लेयरशेजारी ठेवला. लाल गोल आणि निळ्या फुल्या, वर एका ओळीत, एकमेकांना चिकटून.

‘दोन्ही ठीक म्हणतात. म्हणजे चूक दुसरीकडे कुठेतरी आहे. ती कुठे आहे तेवढं मला दाखवा. म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही.’ मग तिची नजर मागच्या रांगेवर गेली. ‘अहो, तुम्ही इथे कशा?’

‘या यांच्या ताई,’ बाई म्हणाल्या.

मुलीनं ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. सख्ख्या भावालाही हा आवाज ऐकू आला नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं. तिची स्वतःवरची उरलीसुरली खात्रीही गेली.

‘ऐकूनच बघू,’ घड्याळजी म्हणाले. त्यांनी भिंतीजवळ जाऊन एकेक लंबक धरला. सात घड्याळं गप्प झाली. कपाटातून रेकॉर्ड निघाली, सुई शेवटच्या अंतऱ्याच्या जरा आधी टेकली.

स्पीकरवर मलाही ऐकू आलं. उजव्या कानानं, सगळं एकत्र, पण आलं. ताई गात होती. बाई उभ्याच राहिल्या. ‘अहो, आहेत की! केवढ्या आहेत!’ घड्याळजी डाव्या स्पीकरकडे बोट दाखवत राहिले. गाणं संपलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रागानं नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. काळजीनं. कानसेन कसे चुकतील, त्यांनी काही वेगळंच ऐकलं असणार.

‘थोडंसं असं झालं असेल का,’ डॉक्टर हळूच म्हणाले, ‘की तुमच्या घरून आणताना प्रत बदलली? किंवा कंपनीनं नंतर दुसरी पाठवली?’

आणि माझ्या तोंडून निघालं, ‘असेल. प्रत वेगळी असेल.’

खोलीनं सुटकेचा श्वास सोडला. घड्याळजी हसलेसुद्धा. मुलगी मात्र विचारात पडली. ‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘पहिल्या प्रती मीच पाठवल्या होत्या. एखादी कच्ची गेली असेल माझ्याकडून. मग मी कंपनीला तसंच लिहून देते, की चूक माझी होती. तुमचं पत्र बरोबरच होतं, काका.’ असं म्हणून ती चक्क हसली. आपल्याला भास होत नव्हता एवढ्यावरच ती खूश होती.

मागच्या रांगेत ताईची पर्स टक करून मिटली. ती उठत होती. मागे न बघता मला ते ऐकू आलं.

आधी बहीण माझ्या कानापायी गप्प बसली, आता ही परकी पोर माझ्या कानापायी गुन्हा अंगावर घेत होती. मी आणखी किती जणांना माझ्या डाव्या बाजूला उभं करणार होतो? मी खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि तिच्या कागदाशेजारी ठेवला.

‘प्रत हीच होती,’ मी म्हणालो. ‘मी हेडफोनवर ऐकली. माझा डावा कान गेलाय.’

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि कागदावर वाकले, एखादं चक्र तपासावं तसे. निळ्या फुल्यांवरून त्यांचं भिंग पायरी पायरीनं खाली उतरलं. खोलीत टिकटिकही नव्हती. माझी लाज झाकायला काही म्हणजे काही आवाज नव्हता.

‘यावर तारीख आहे,’ घड्याळजी हळू म्हणाले आणि कागद बाईंकडे दिला.

बाईंनी तारीख वाचली. तीस वर्षं पोरांच्या थापा ओळखलेली बाई ती. ‘म्हणजे पत्राच्या आधी,’ त्या म्हणाल्या.

‘आधी.’

‘तुम्हाला माहीत होतं.’

‘माहीत होतं. हेडफोन उलटे करून बघायचे होते. नाही केले.’

‘का?’ हे मुलीनं विचारलं.

‘कळलं असतं म्हणून.’

आमच्यातल्या एकशे चाळीस जणांनी माझ्या कानावर विसंबून सह्या केल्या होत्या. त्यातले अकरा जण समोर बसले होते आणि त्यांतला एकही माझ्याकडे बघत नव्हता. बाईंनी वहीतून कोरा कागद फाडला. ‘कंपनीला पत्र आत्ता लिहायचं. आणि सह्या करणाऱ्यांना एकेक, हातानं. एकशे चाळीस.’ मी मान हलवली. ती पत्रं मी लिहिली. सव्वीस दिवस लागले. रेकॉर्ड पुढे आहे तशीच निघाली, त्या मुलीला काम परत मिळालं आणि मागच्या कव्हरवर ताईचं नावही छापून आलं. पण हे नंतर. आणि त्यात माझं काही श्रेय नाही. मी फक्त वाटेतून बाजूला झालो.

त्या रविवारी पत्रावर सही करून मी पेन खाली ठेवलं आणि दाराकडे निघालो. मुलगी वाटेत उभी राहिली. आता तिच्या डोळ्यांत तो आदर नव्हता. राग होता, आणि तो तिचा हक्काचा होता.

‘म्हणजे तुम्ही तो अंतरा अजून नीट ऐकलेलाच नाही,’ ती म्हणाली.

‘नाही.’

तिनं माझी लोखंडी खुर्ची उचलली, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये आणली आणि फरशीवर करकरत उलटी फिरवली. पाठ स्पीकरांकडे, तोंड लोकांकडे. ‘बसा.’

वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा मी बसलो. आता डावा स्पीकर माझ्या उजव्या कानाशी होता. समोर सगळं मंडळ, आणि दाराशी ताई, पर्स काखेत धरून.

घड्याळजींनी सुई टेकवली. बाकीचे सगळे कुठेतरी पलीकडे सरकले आणि माझ्या उजव्या कानात एकटी ताई उभी राहिली. पहिल्या शब्दाआधी तिनं श्वास घेतला. तो श्वास जुन्या रेकॉर्डमध्ये कधीच नव्हता. एकोणीस वर्षांच्या, घाबरलेल्या मुलीचा श्वास. आणि त्याच क्षणी दाराशी एकाहत्तर वर्षांच्या बाईचे ओठ उघडले आणि तिनंही तिथेच, तसाच श्वास घेतला.

मी मान खाली घातली.

‘वर बघा, काका,’ मुलगी म्हणाली. ‘त्यांच्याकडे बघून ऐका.’